बारा महिन्यांची बेगमी

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे दोन कामं एकदमच निघतात. गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं पडतात आणि आत जेवणाच्या टेबलावर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडलं जातं. मार्चअखेर म्हटलं की बहुतेकांना पावत्या, कर आणि बँकेतली गर्दी आठवते. मला हे दिवस मनापासून आवडतात. ३१ मार्चला सरकारचं वर्ष संपतं, त्याच्याच आगेमागे पाडवा येतो, झाडाला कैऱ्या लगडलेल्या असतात, मुलांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात. येणाऱ्या वर्षाकडे नीट तोंड करून बसायला याहून बरा मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

महिन्याचा हिशेब पुष्कळ घरांत असतो. पगार येतो, किराणा, वीज, हप्ते जातात, उरलंसुरलं बाजूला पडतं. पण महिना हे पगाराचं माप झालं. जगणं वर्षाच्या मापानं चालतं, आणि त्यातला एक महिना दुसऱ्यासारखा नसतो. वैशाखात पत्रिकांची चळत साठते, आहेर आणि प्रवास एकदमच अंगावर येतात. त्याच उन्हात वर्षाचे गहू भरायचे, तूरडाळीला ऊन दाखवायचं, मिरच्या आणून मसाला कुटून घ्यायचा. जून उजाडला की फी, वह्या, दप्तर, रेनकोट. आषाढात नेमकी तीच भिंत पुन्हा ओल धरते. श्रावणात सण आणि उपास एकमेकांना खेटून उभे असतात. भाद्रपदात गणपतीची मूर्ती, मखर, नारळ-गूळ, आल्यागेल्याचं चहापाणी. मग दिवाळी: फराळ, कपडे, ओवाळणी, कामाच्या मावशींचा बोनस. मार्गशीर्ष-पौषात घर जरा श्वास घेतं, तोवर विम्याचा हप्ता आणि घरपट्टी दारात. यातलं काहीच अवचित येत नाही. तिथ्या ठरलेल्या, खर्चही ठरलेला. तरी दरवर्षी ‘या महिन्यात जरा ओढाताण झाली’ असं आपण म्हणत राहतो, आणि बाराही महिन्यांची ओढाताण ‘जरा’ म्हणून निभावून नेतो.

अंदाजपत्रकाला बसताना मी पहिल्यांदा सरत्या वर्षाचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरवते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर मराठी घरांत तिथी बघायला लावतात खरं, पण वर्षभरात त्याची रोजकीर्द होऊन जाते. एकेका चौकोनात माझं, नवऱ्याचं आणि सासूबाईंचं, माईंचं, अक्षर असतं. ‘दूध अर्धा लि. जास्त.’ ‘सिलिंडर लावला.’ ‘मावशी खाडा.’ ‘माईंचे डोळे, ४ वा.’ दिवाळीच्या पानावर कधी तळणीचं बोट उमटलेलं असतं, गणपतीच्या आठवड्यात चौकोन अपुरे पडून मजकूर समासात गेलेला असतो. पानं उलटत गेलं की वर्ष पुन्हा डोळ्यांसमोरून जातं. सिलिंडर किती दिवस पुरतो, पाहुण्यांच्या दिवसांत किती लवकर संपतो, सगळं तिथे लिहिलेलं आहे. दिवसाला लिटरभर दूध आणि लिटरला ६० रुपये धरले तर वर्षाचे २१,९०० होतात. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. दूध कमी करायचं काहीच कारण नव्हतं. पण रोज पहाटे दारात पडणाऱ्या पिशव्यांचं मिळून एवढं मोठं काहीतरी होतं, हे दिसल्यावर त्या पिशव्यांकडे आणि त्या आणून टाकणाऱ्या मुलाकडे बघण्याची नजर बदलली.

वहीत तीन रकाने आखायचे, हे मी सरकारी अर्थसंकल्पावरून उचललं. तिथे सरून गेलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी छापतात. मला ही रीत फार समजूतदार वाटते. काय झालं, काय होतं आहे आणि काय व्हावं, तिन्ही एका ओळीत आले की माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही. चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते, आणि त्याच माणसानं ‘मेघदूता’चं मराठी भाषांतर केलं. आकड्यांत रमणारा माणूस कोरडा असतो, असं कुणी म्हणालं की मला त्यांची आठवण येते. पावसाच्या पहिल्या ढगाकडे बघणं आणि पुढच्या वर्षाची तरतूद करणं, दोन्हीला लांबवर बघायची सवय लागते.

महिन्याचा पगार नसलेल्या घरांना ही सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. उसाचं बिल किंवा कापसाचे, सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा हातात येतात आणि त्यावर घर, बियाणं, खत, दवाखाना, लेकीचं सासर-माहेर, सगळं चालवायचं असतं. मराठवाड्या-विदर्भात सालगड्याचा करार पाडव्याला होतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. मजुरी, धान्य, कपडे यांचं वर्षाचं बोलणं त्या एका दिवशी होतं. कोकणात मिरगाआधी आगोटीची धांदल उडते. लाकूडफाटा, तांदूळ, मीठ-मिरची, सुकी मासळी घरात आली की पाऊस खुशाल कोसळू दे. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि पावसाआधी मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं. सुके बांगडे, कोकमाची सोलं, कांद्याच्या माळा, मिरच्या घेऊन लोक घरी परततात. यातल्या कित्येक घरांत कागदावर एक आकडा लिहिलेला नसतो. पण आषाढात काय लागेल हे वैशाखात ठाऊक असणं, हेच तर अंदाजपत्रक.

शहरातल्या पगारदार घराला तेच एका साध्या गणितानं साधता येतं. वर्षातून एक-दोनदाच येणारे खर्च एका पानावर लिहायचे. समजा विमा २४,००० रुपये, शाळा ३०,०००, दिवाळी १८,०००, धान्य-मसाला १५,०००, आहेर-ओवाळणी १२,०००, दुरुस्ती आणि दवाखाना २१,०००. बेरीज १,२०,०००. बारानं भागले की महिन्याचे १०,०००. पगार झाला की पहिल्यांदा एवढे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते आपले नाहीत असंच समजायचं. ते जूनचे आहेत, कार्तिकाचे आहेत. आमच्या पंचांगालाही अशी साठवण करायची रीत आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. वर्षाकाठी पडणारे हे अकराएक दिवस साठत जातात आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना उभा राहतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. मग जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, दान, माहेरवाशिणीचं येणं. ज्या घरांत जावई आहेत तिथे वहीला तिसऱ्या वर्षी एक जास्तीची ओळ लागते, आणि ती कधी लागणार हे आधीच छापलेलं असतं.

जिथे आधी छापलेलं नसतं त्यासाठी अडीनडीचे पैसे. तीन ते सहा महिन्यांचं घर चालेल एवढी रक्कम हात न लावता ठेवावी, असं जाणकार सांगतात. सगळ्यांना ते एकदम जमत नाही. माझ्या आईला जमत नव्हतं. तिची भिशी होती. बाराजणी, दरमहा सारखीच रक्कम, आणि दर महिन्याला एकीला सगळी उचल. चिठ्ठ्या टाकायच्या, पण कुणाच्या घरी दुखणं किंवा कार्य निघालं की चिठ्ठी न काढताच ‘या महिन्याची तू घे’ म्हणायचं. एकीच्या वर्षात बाकीच्या अकराजणींनी आपले महिने घातलेले असायचे.

आईच्या वहीत धान्य, तेल, शाळा यांच्या खाली दरवर्षी एक ओळ असे: ‘आलंगेलं’. रक्कम थोडकी. कुणी अचानक जेवायला आलं, गावाकडची मावशी चार दिवस राहिली, शेजारणीच्या लेकीची ओटी भरायची झाली, तर त्यातून. दिवस टंचाईचे असले तरी ही ओळ ती कापत नसे. हात आखडता घ्यायचा तो आपल्या ताटापुरता, पाहुण्याच्या नाही, हे तिचं धोरण होतं आणि ते तिनं पैशांत मांडून ठेवलं होतं. मनात माया असणं वेगळं आणि तिच्यासाठी चैत्रातच पैसे काढून ठेवणं वेगळं. माझ्या वहीतही ती ओळ आहे, त्याच नावानं.

आता आम्ही अंदाजपत्रकाला सगळे मिळून बसतो. पहिला अर्धा तास रुक्ष जातो. महागाई धरून आकडे वाढवायचे असतात. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के असतं, वर-खाली २ टक्के चालतात. घरात मात्र फी आणि औषधं आपल्याच चालीनं चढतात. ते आटोपलं की मी नवं पान काढते आणि प्रत्येकाला विचारते, या वर्षात तुला काय हवंय?

लेक तयारच असते. “आई, मला पोहायला शिकायचंय. बॅच एप्रिलमध्येच भरते हं, नंतर नको म्हणूस.” सासूबाईंना स्वतःसाठी काही मागायची सवयच नाही, त्या आधी दुसऱ्यांची बाजू लावून धरतात. “नणंदांच्या ओवाळणीला हात लावू नकोस गं. त्या काही मागायच्या नाहीत, म्हणून तर आपण ठेवायचं.” एका वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, “एकदा पंढरपूरला जाऊन येऊ या. वारीच्या गर्दीत नको. माघी झाली की निवांत.” गाडीभाडं आणि राहणं धरून रक्कम फार नव्हती. लागणार होते ते कुणाच्यातरी रजेचे दोन दिवस, आणि ते मार्चमध्ये ठरले तरच माघात मिळतात. नवरा सगळ्यांत शेवटी बोलला. “माझ्या पेटीचा भाता गळतो. दोन सूरही बसलेत. दुरुस्त करून घ्यावी म्हणतो.” कॉलेजातली ती पेटी माळ्यावर होती हे मला ठाऊक होतं. ती त्याच्या मनात इतकी होती, हे त्या संध्याकाळी कळलं.

या तिन्ही इच्छा महिन्याच्या हिशेबात कधीच बसल्या नसत्या. कुठल्याही एका महिन्यात त्यांच्याहून निकडीचं काहीतरी असतंच. पंढरपूर पुढे ढकलता येतं, पेटी तर सहज. वर्षाच्या पानावर आल्या की त्यांना तारीख मिळते आणि तारखेपर्यंत पोचायला पैसे मिळतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जागा लागते आणि ती आधीच धरून ठेवावी लागते.

जुन्या वह्या चाळताना घराचा इतिहास दिसतो. बाळाच्या लशींची ओळ येते आणि जाते, शाळेची येते आणि वाढत राहते, चष्मा येतो तो कायमचा. सासऱ्यांच्या, अण्णांच्या, औषधांची ओळ काही वर्षं पानावर सगळ्यांत वर होती. ते गेल्यानंतरच्या पाडव्याला नवं पान आखताना माझा हात तिथे अडला. माईंनी चष्म्यातून रकाना पाहिला आणि म्हणाल्या, “काढ ती ओळ. आणि त्यातले थोडे गावच्या वाचनालयाला लाव, त्यांच्या नावानं. दरवर्षी.” तेव्हापासून ती ओळ पुस्तकांची झाली आहे. वाचनालयाकडून दरवर्षी पावती येते, वर्गणीदाराच्या जागी अण्णांचं नाव असतं, आणि माई ती पावती स्वतः वहीत डकवतात.

अंदाज चुकतात. छत गळायचं राहतं आणि मोटार जळते. डिसेंबरात प्रत्यक्ष खर्च तिसऱ्या रकान्यापासून लांब गेलेला असतो, मग सुधारित अंदाज लिहायचा आणि पुढे जायचं. उत्पन्नच तुटपुंजं असेल तर कितीही रकाने आखले तरी तोंडमिळवणी होत नाही, हेही खरं. पण मला वाटतं, ओढगस्तीच्या घराला हे पान जास्तच लागतं. पैसा थोडा असला की प्रत्येकजण आपली इच्छा आपणच खोडून टाकतो आणि दुसऱ्याला कळूही देत नाही. ती निदान लिहिली जावी. यंदा जमलं नाही तर ‘पुढच्या साली पहिली’ अशी खूण करून ठेवता येते, आणि ज्याची ओळ मागे राहिली त्याला आपण विसरले गेलो नाही एवढं तरी कळतं.

म्हणून या पाडव्याला गुढी उतरवली की घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. कमावणाऱ्यांबरोबर न कमावणाऱ्यांनाही बसवा, सगळ्यांत धाकट्याला आणि सगळ्यांत थोरल्याला आधी बोलू द्या. किराणा, फी, हप्ते मांडून झाले की वही मिटू नका. एकेकाला नावानं विचारा, वर्षभरात तुला काय हवंय, आणि जे उत्तर येईल त्याच्यापुढे रक्कम आणि महिना लिहा. वर्ष पुष्कळ मोठं असतं. वेळेवर विचारलं तर त्यात जवळजवळ सगळ्यांची जागा होते.