उपास आणि उपाशी

भाषेच्या अभ्यासकाला शब्दांमधील सूक्ष्म अर्थभेदांचे मोठे अप्रूप असते. मलाही होते. परंतु अशाच एका अर्थभेदाची किंमत माझ्या आईला मोजावी लागली.

आई मधुमेही. रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी परिचारिकेने तिला सांगितले, 'उद्या सकाळी उपास करून या. कळलं ना, आजी?' आई 'हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर एक केळे खाल्ले आणि ती तपासणीला गेली. उपासाला जे चालते तेच तिने खाल्ले होते. साखर अर्थातच वाढलेली दिसली आणि गोळीची मात्रा वाढवली गेली. चार दिवसांनी पहाटे पाहतो तो आई घामाने भिजलेली, हातपाय थरथरत होते. साखर एकदम उतरली होती. साखरेचे पाणी पाजल्यावर ती सावरली. पण मला म्हणाली, 'माझंच चुकलं असेल रे.' ते वाक्य मला अधिक लागले.

पुढे एका परिचर्या महाविद्यालयाने मला रुग्णसंवादावर बोलण्यासाठी बोलावले. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही २०१९पासून संवादकौशल्याचे रीतसर शिक्षण समाविष्ट झाले आहे. ते भाषेच्या शिक्षकाचे क्षेत्र, अशा समजुतीने मी गेलो. आईची हकिकत सांगितली आणि ठासून म्हणालो, ''उपास' म्हणू नका, 'रिकाम्या पोटी या' म्हणा. कळलं ना?' साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. त्या क्षणी मी चपापलो. त्या परिचारिकेचाच प्रश्न मी विचारला होता आणि आईचेच उत्तर मला मिळाले होते.

तेथील प्राध्यापिकांनी मग दोन विद्यार्थिनींना पुढे बोलावले. एक परिचारिका झाली, दुसरी आजी. परिचारिकेने 'रिकाम्या पोटी या' असे सांगितले आणि लगेच विचारले, 'आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. उद्या निघण्यापूर्वी काय काय घ्याल?' आजी उत्तरली, 'काही नाही बाई. नुसता चहा!' वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. माझा अचूक शब्दही पुरा पडला नव्हता. एका साध्या प्रश्नाने ते उघड केले होते, तेही चुकीचा भार आजीवर न टाकता.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी आशा सेविका असेल, कोणी औषधांच्या दुकानात काम करत असेल, कोणी घरातल्या वृद्धांना दवाखान्यात नेत असेल. शब्दांची निवड जरूर काळजीपूर्वक करा. परंतु शब्द उच्चारला म्हणजे अर्थ पोहोचला, असे मानू नका. ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दांत बोलू द्या. 'हो' या उत्तरामागे समज असू शकते, तशीच भीती किंवा भीडही असू शकते. माझ्या आईच्या 'हो'मागे काय होते, ते तिला कोणी विचारलेच नाही. तिच्या मुलानेही नाही.