जुन्या घड्याळाचं नवेपण

नाशिक,
रविवार, दुपार

चि. भाचेबाईंस,


दोन्ही घड्याळांचे फोटो मोठे करकरून पाहिले. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे, "मामा, यातलं कोणतं घेऊ?" उत्तर मात्र व्हॉट्सअॅपवर टंकण्याइतकं छोटं नाही, म्हणून कागद पुढे ओढला. फोटो पाहून मत देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

दोन्ही रोलेक्स डेटजस्ट, मॉडेल क्रमांक 16234. छत्तीस मिलिमीटरची स्टीलची केस, काचेभोवती पांढऱ्या सोन्याचं खाचाखाचांचं बेझल, ज्युबिली ब्रेसलेट. दोन्हींचा सीरियल नंबर 'एस'नं सुरू होतो, म्हणजे 1993 च्या आसपासचा माल. पहिलं लखलखीत, बॉक्स आणि कागदांसकट, आणि त्या हिशेबानं महाग. दुसरं मळकट, काचेच्या कडेला टवका, ब्रेसलेट सैल, सोबत काही नाही. तुझा कल कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस, पण पहिल्याचे फोटो दुसऱ्याच्या तिप्पट पाठवलेस, त्यात सगळं आलं.

मॉडेल शहाणपणानं निवडलंस. डेटजस्ट 1945 सालापासून बनतंय आणि मनगटावर मिरवत नाही. तुझ्या दोन्ही घड्याळांत 3135 हे यंत्र आहे. 1988 मध्ये आलेलं हे यंत्र रोलेक्सनं पुढे तीन दशकांहून जास्त काळ चालवलं, त्यामुळे ते उघडून पाहिलेला जाणता घड्याळजी शोधायला फार वणवण करावी लागत नाही. आयुष्यातलं पहिलंवहिलं असं घड्याळ घेताना हा गुण दिसण्याइतकाच महत्त्वाचा.

आता मुद्द्याचं. नवं घड्याळ घेताना आपण फक्त कारखान्याचं काम विकत घेतो. वापरलेलं घेताना मधल्या तीस वर्षांत ते ज्यांच्या हातांत गेलं, त्यांनी त्याचं जे काही केलं तेही विकत घेतो. कुणी पॉलिश केलं, कुणी डायल बदललं, कुणी काटे रंगवले, कुणी घामासकट कपाटात टाकून दिलं. म्हणून अशा घड्याळाकडे पाहताना 'किती छान दिसतंय' हा प्रश्न मागे ठेवायचा आणि 'याचं आजवर काय काय केलं गेलं' हे आधी विचारायचं. नव्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नापायी जातात.

पहिल्या घड्याळाच्या विक्रेत्यानं तुला अंधारातला एक फोटो मोठ्या अभिमानानं पाठवलाय. काटे आणि खुणा हिरव्यागार चमकताहेत. मला खटकला तो नेमका तोच फोटो. 1993 मध्ये रोलेक्स डायलवर ट्रिटियम लावत असे. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण 12.3 वर्षांचं, तीस वर्षांत ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरतं, आणि त्याच्या जोरावर उजळणारं रसायनही तोवर थकतं. त्या काळचं मूळ डायल आज अंधारात जवळपास आंधळंच असायला हवं. हिरवी चमक येते ती ल्युमिनोव्हा जातीच्या पदार्थाची. तो जपानच्या नेमोटो कंपनीनं शोधला आणि रोलेक्सच्या डायलवर 1998 च्या सुमारास आला. म्हणजे या घड्याळाचं डायल आणि काटे नंतर बदललेत, किंवा कुणीतरी जुन्यावरच नवा लेप दिलाय. यातलं काय झालं ते डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली कळेल. दहापट भिंग घेऊन जा. 'स्विस' या शब्दाच्या जोडीला 'टी' हे अक्षर असेल तर डायल ट्रिटियमच्या काळातलं, आणि तरीही चमकत असेल तर लेप कुणीतरी नंतर दिलेला. 'टी' नसेल तर अख्खं डायलच नंतरचं. दुसऱ्या घड्याळात खुणांचे ठिपके सायीच्या रंगाचे झालेत आणि काट्यांवरचाही रंग तोच आहे. दोन्ही बरोबरीनं म्हातारे झालेत, ही चांगली खूण. ठिपके पिवळट आणि काटे पांढरेशुभ्र असते तर मी लगेच शंका घेतली असती.

दुसरी गोष्ट पॉलिशची. चंदन सहाणेवर उगाळावं तसं स्टील पॉलिशच्या चाकावर झिजतं, आणि झिजलेलं परत येत नाही. ब्रेसलेट जिथे अडकतं ते केसचे चार पाय, म्हणजे लग, बघ. कारखान्यातून निघताना त्यांच्या कडा धारदार असतात आणि चारही पाय सारख्या जाडीचे. तुझ्या पहिल्या घड्याळाचे पाय साबणाच्या वडीसारखे गोल झालेत आणि डावा उजव्यापेक्षा बारीक आहे. बेझलच्या खाचांची टोकंही बसलीत. हे घड्याळ एकदा नाही, अनेकदा 'नवं' केलं गेलंय. मळक्या घड्याळाच्या केसवर ओरखडे भरपूर, पण कडा शाबूत. ओरखडा वरवरचा असतो. गेलेली कड भरून काढायची तर लेझर वेल्डिंगनं धातू चढवून पुन्हा आकार द्यावा लागतो, आणि तोही मूळचा नव्हे.

आपल्याकडे ही खोड जुनीच आहे. एचएमटीच्या काळात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ मुंजीला, बारशाला घालायचं झालं की आधी चकाचक करून आणलं जायचं. रंग उडालेलं डायल नव्यानं छापून घ्यायचं हा सरळ, प्रामाणिक धंदा होता. वापरणाऱ्याला वेळ वाचता यावी एवढाच त्यामागे हेतू. पुढे त्याच कारागिरीतून जुन्या सायको फाइव्ह, फेवर-लूबा आणि एचएमटी घड्याळांना भडक डायल चढवून ती जगभर विकली जाऊ लागली, आणि परदेशातल्या संग्राहकांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' असं नाव दिलं. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर गेलीस तर मुद्दाम दोन-चार हातांत घेऊन पाहा: अक्षरांच्या जाड-बारीक कडा, आकड्यांची हललेली ओळ, तारखेच्या खिडकीची ओबडधोबड चौकट. स्वस्त घड्याळावर तयार झालेला डोळा महागड्यावर उपयोगी पडतो. डोळ्याचं शिक्षण तिथे फुकट मिळतं, म्हणून मी नव्या माणसाला शोरूमच्या आधी तिथे पाठवतो.

कागदपत्रांना भुलू नकोस. त्या काळच्या रोलेक्सच्या हमीपत्रावर सीरियल नंबर बारीक छिद्रं पाडून उमटवलेला असे. तो आकडा केसवरच्या आकड्याशी जुळला तर कागदाला अर्थ आहे. केसवरचा आकडा सहाच्या बाजूला दोन पायांच्या मध्ये कोरलेला असतो आणि मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला. ब्रेसलेट काढल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. ब्रेसलेट काढून दाखवायला जो कुरकुरतो त्याला तिथेच नमस्कार करायचा. रिकामे बॉक्स बाजारात सुटे विकत मिळतात, तेव्हा बॉक्सपायी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. काचही बघ. साधारण 2002 पासून रोलेक्स सहाच्या आकड्याजवळ काचेत इवलासा मुकुट कोरते. 1993 च्या घड्याळावर तो दिसला तर काच बदललेली. तो काही दोष नाही, पण विक्रेता "सगळं ओरिजिनल" म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुला कळेल.

ब्रेसलेट निघाल्यावर पायांच्या आतली बाजू आणि मागच्या झाकणाचे आटेही पाहून घे. आपल्या किनारपट्टीवर घाम आणि खारी हवा स्टीललाही खाते. बारीक खड्डे पडतात. ते खोल गेले तर झाकण घट्ट बसत नाही, आणि कंपनीची शंभर मीटरची हमी असली तरी मुंबईचा पहिला पाऊस घड्याळात शिरतो. तीस वर्षांच्या रबरी गास्केटवर तसाही विश्वास ठेवू नये. प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय हात धुतानाही जपायचं.

मग यंत्र. झाकण उघडलंच पाहिजे, कारण 3135 ची हुबेहूब नक्कल करणारी बनावट यंत्रंही आता बनतात आणि बाहेरून कळत नाहीत. हे काम विक्रेत्याच्या नव्हे, आपण निवडलेल्या घड्याळजीच्या टेबलावर व्हावं. त्याच्याकडे टिकटिक ऐकणारं टाइमग्राफर असतं. हे यंत्र सेकंदाला आठ ठोके देतं. टाइमग्राफरवर 'लिफ्ट अँगल' 52 अंशांवर लावलाय ना ते विचार, नाहीतर आकडे चुकतात. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड, म्हणजे झुलत्या चाकाची झेप, 270 अंशांच्या आसपास आली तर तब्येत बरी. 220 च्या खाली गेली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करायचा. रोलेक्स बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग सहजी देत नाही, तेव्हा तो खर्च आधीच विचारून ठेव. आणि सर्व्हिसला देताना 'पॉलिश करू नये, डायल-काटे बदलू नयेत' असं लेखी दे. अधिकृत सेंटरमध्येही सांगितलं नाही तर घड्याळ चकचकीत करून देतात आणि मूळ भाग कधीकधी तिथेच राहतात.

एवढं वाचून तुला वाटेल, मामा अस्पर्शतेची पूजा सांगतोय. तसं नाही. संग्राहकांच्या जगात या पूजेचाही अतिरेक होतो: उन्हानं तपकिरी पडलेल्या डायलला 'ट्रॉपिकल' म्हणून चढा भाव मिळतो. अमेरिकन नट पॉल न्यूमननं स्वतः वापरलेलं रोलेक्स डेटोना 2017 मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलरना गेलं. त्याच्या पाठीवर बायकोनं गाडी जपून चालवण्याचा सल्ला कोरून घेतला होता. एरवी पाठीवरच्या कोरीव नावानं भाव उतरतो, इथे त्यानंच चढवला. बाजाराला अशा आवडीनिवडी असतात, त्या आपल्या डोक्यावर घेऊ नयेत. रोज घालायला घड्याळ हवं असेल तर कंपनीनं सर्व्हिसमध्ये बदललेलं डायल हा काही गुन्हा नाही. रात्री वेळ दिसते हा उलट फायदाच. फक्त त्याची किंमत वापरायच्या घड्याळाची हवी, संग्राहकाच्या घड्याळाची नको. पहिल्या घड्याळाविषयी माझी तक्रार एवढीच आहे: त्याच्यावर झालेलं काम लपवून त्याच कामाचे जास्त पैसे मागितले जाताहेत.

'पुढे भाव वाढेल' हे वाक्य विक्रेता म्हणेल. 2022 च्या सुरुवातीला वापरलेल्या रोलेक्सचे भाव आभाळाला टेकले होते आणि त्याच वर्षी ते घसरू लागले. शिखरावर घेणारे अजून हिशेब जुळवताहेत. गेले तर चालतील एवढेच पैसे घाल. व्यवहार बँकेतून कर. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यानं घेणाऱ्याला वर्ज्य आहे, तेव्हा रोखीची सवलत देणारा माणूस स्वतःविषयी बरंच सांगून जातो. पक्कं बिल घे, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घे. घड्याळ बाहेरून आलेलं असेल तर कस्टम ड्यूटी भरल्याची पावती माग. 'भाऊ दुबईहून घालून आला' ही पावती नव्हे. चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणारं लंडनचं 'द वॉच रजिस्टर' आहे, तिथे नंबर तपासून घेता येतो. आणि ही दगदग नकोच वाटली तर रोलेक्सनं डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेल्या योजनेतल्या प्रमाणित जुन्या घड्याळांवर दोन वर्षांची हमी मिळते. तिथे मनःशांतीचे पैसे वेगळे पडतात, पण ते उघडपणे घेतले जातात.

तर आता माझं मत. पहिल्याच्या विक्रेत्याला दोनच प्रश्न विचार: डायल केव्हा बदललं, आणि केस किती वेळा पॉलिश झाली? सरळ उत्तर देऊन त्यानं किंमत दुसऱ्याच्या बरोबरीला आणली तर खुशाल घे, रोज घालशील. उत्तर टाळलं तर सोड. दुसरं घड्याळ मात्र या आठवड्यातच घड्याळजीकडे उघडून घे. ब्रेसलेट सैल आहे ते त्या पोकळ कड्यांचं वयच आहे, ते घट्ट करून मिळतं. काच बदलता येते. यंत्र खरं निघालं, आटे शाबूत असले, तर काच, गास्केट आणि सर्व्हिसिंग मिळून होणारा खर्च कागदावर मांड, तो किमतीतून कापून माग आणि मिळेल त्याला हो म्हण. विकणारा "आजच घ्या, दुसरं गिऱ्हाईक बसलंय" म्हणाला तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा दे. 16234 वर्षानुवर्षं बनत होतं. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी दुसरं मिळेल. तुझ्याजवळ वेळ आहे आणि विक्रेत्याजवळ नाही, हे एकच हत्यार नव्या संग्राहकाच्या हातात असतं.

टाइमग्राफरचे आकडे आणि सहाच्या आकड्याखालचा भिंगातून घेतलेला फोटो मिळाला की पाठव. ताईला नमस्कार सांग, आणि किंमत तिला तूच सांग. ते काम मी करणार नाही.

तुझा,
मामा