तडतड थांबली की...

होस्टेलवर कुणी घरच्या तुपाचा विषय काढला की मी हळूच दुसरीकडे बघते. त्याचं कारण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आहे.

आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तरी पंधरा दिवसांची साय साठवून, विरजण लावून, डाव्या हाताने मिक्सर फिरवून तिने लोणी काढलं होतं. लाडवांचं बेसन त्याच तुपात भाजायचं होतं. कढवायचं काम माझ्याकडे आलं. "तडतड थांबली की गॅस बंद कर गं," एवढं सांगून ती आत जाऊन आडवी झाली.

ओट्याशेजारी धाकटा भाऊ सातवीचं सायन्स घेऊन बसलेला. आम्ही दोघं कॉन्व्हेंटवाले. मराठी माध्यमातली आई ‘भौतिक बदल’ वगैरे म्हणाली की मी चक्क हसायचे.

"ताई, लोणी वितळलं. फिजिकल की केमिकल?"

"फिजिकल. कारण ते परत घट्ट होतं."

"मग गहू दळले तर? पिठाचे परत गहू होत नाहीत!"

पकडलं की कात्रीत! ‘रिव्हर्सिबल म्हणजे फिजिकल’ एवढं घोकून मी मार्क मिळवले होते. मग सांगितलं, नवा पदार्थ तयार झाला का ते बघायचं. पीठ म्हणजे बारीक झालेले गहूच. पोळी फुगते ती आतल्या वाफेने, म्हणजे फिजिकल. तिच्यावरचे तपकिरी डाग मात्र केमिकल. एकाच पोळीत दोन्ही! माझं लेक्चर असं रंगात आलं होतं, आणि पातेलं केव्हाचंच गप्प झालं होतं.

"अगं, करपलं!" आतून आईचा आवाज.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. लोण्यात पाणी असतं. ते उकळतंय तोवर तडतड होते आणि तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. इथवर मुख्यतः फिजिकल. पाणी संपलं की आवाज थांबतो, तापमान भराभर चढतं आणि दुधातली प्रथिनं व साखर यांची रिअ‍ॅक्शन जोर धरते. फ्रान्सच्या मैलार्डने १९१२ साली वर्णन केली तीच. बेताची झाली तर खमंग वास आणि सोनेरी बेरी. हाताबाहेर गेली तर आमच्यासारखं काळं पातेलं. म्हणजे ही सगळी हद्द आईने मला चार शब्दांत सांगून ठेवली होती, आणि मी इंजिनिअरिंगवाली तिच्याकडे पाठ करून भावाला शिकवत होते.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. डाव्या हाताने ती पातेलं उचलायला गेली, ते मी घेतलं. "तू बोलायला लागलीस की ऐकत नाहीस," एवढंच म्हणाली.

लाडू विकतच्या तुपात झाले. आईने एकच खाल्ला.

भावाने वहीत उदाहरण लिहिलं, ‘बर्निंग ऑफ घी : केमिकल चेंज’. पुढे ‘इरिव्हर्सिबल’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.