भाचीचे ट्यूडर घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. तीत 'जुने घर पाहावे दुरुस्त करून' एवढी भर घालावी, असे आम्हांला मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत वाटले. निमित्त आमच्या भाचीचे. ती व तिचे यजमान लंडनच्या वायव्येस, हॅरो आणि पिनर यांच्या मधल्या भागात राहतात. सुमारे नव्वद वर्षांचे एक घर त्यांनी विकत घेतले होते आणि त्याच्या अंतर्भागाची दुरुस्ती काढली होती. 'मामा, तुम्ही आणि मामी याच. एक खोली शाबूत ठेवली आहे,' असे तिने कळविले. शाळेचे निकालपत्रक हातावेगळे करून आम्ही उभयता इंदुराहून निघालो.

बेकर स्ट्रीटहून मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी हॅरोकडे निघाली की शहर हळूहळू विरळ होते आणि दोन्ही बाजूंना एकाच घाटाची घरे दिसू लागतात. दोन-दोन घरे पाठीला पाठ लावलेल्या जुळ्या भावंडांसारखी चिकटलेली, पुढे टीचभर बाग, वर उतरते कौलारू छप्पर, आणि दर्शनी त्रिकोणावर पांढऱ्या गिलाव्यात काळ्या लाकडी पट्ट्या. ही सारी वसाहत रेल्वेनेच वसविली म्हटले तरी चालेल. आपल्या मार्गालगतच्या या प्रदेशाला 'मेट्रोलँड' असे नाव देऊन १९१५ पासून रेल्वे कंपनीने त्याची जाहिरात चालविली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात सुमारे चाळीस लाख घरे बांधली गेली; त्यांतली असंख्य याच तोंडवळ्याची आहेत.

हा तोंडवळा ट्यूडर म्हणून ओळखला जातो. ट्यूडर घराण्याचे राज्य १४८५ ते १६०३, म्हणजे सातव्या हेन्रीपासून पहिल्या एलिझाबेथपर्यंत. त्या काळची सामान्य घरे ओकच्या लाकडाची चौकट उभारून बांधीत. एका वाशात खाच पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून तीत बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. चौकटीतील मोकळ्या जागा काटक्यांच्या विणीने भरून तीवर माती, शेण आणि गवत यांचा लेप देत. वाचकहो, हा तर आपला कूड! कोकणात आणि माळव्यातील खेड्यांत आपल्या वाडवडिलांनी जी भिंत उभी केली, तीच एलिझाबेथ राणीच्या प्रजेनेही उभी केली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्मन शॉ यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी श्रीमंतांसाठी ही शैली पुन्हा प्रचारात आणली, आणि १९३०च्या सुमारास ती बँकेतील कारकुनाच्या आवाक्यात आली. मात्र आवाक्यात येताना ती पातळ झाली. भाचीच्या घराच्या दर्शनी भागातील काळ्या पट्ट्या जेमतेम इंचभर जाडीच्या. मागे सरळ विटांची भिंत. त्या पट्ट्यांवर घराचा तसूभरही भार नाही.

आत शिरल्यावर प्रथम लागतो तो अरुंद दिवाणखाना. त्याच्या भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत गडद तपकिरी तक्तपोशी, तिच्या माथ्यावर बशा मांडण्याची चिंचोळी फळी, जिन्याला चौकोनी कठडे, आणि दाराशेजारी शिशाच्या पट्ट्यांत बसविलेल्या रंगीत काचांची खिडकी. जेवणाच्या खोलीत छताला तीन तुळया. सगळे मिळून काळोख मात्र भरपूर. दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागे.

घरात या काळोखावरून मतभेद होता. आमचे जावई अभियंता. त्यांचे म्हणणे, हे सगळे उखडून टाकावे, भिंती सपाट करून पांढरा रंग द्यावा, खिडक्यांना नव्या प्लॅस्टिकच्या चौकटी बसवाव्यात. काम घेणाऱ्या मिस्त्रीचाही हाच सल्ला, कारण उखडणे सोपे आणि सांभाळणे कष्टाचे. भाची फारसे बोलत नसे. एके रात्री जेवणे झाल्यावर तिने विचारले, "मामा, तुम्हांला काय वाटतं?"

जावई म्हणाले, "मामांचा अनुभव मोठा आहे. त्यांनी वाडा पाडून नवं घर बांधलंय."

ते सरळ मनाने बोलले. पण आमच्या तोंडून शब्द निघेना. त्याचे कारण सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

इंदुरात रामबागेत आमचा लहानसा वाडा होता. ओसरी, माजघर, कडीपाटाचे छत, आणि माडीवर जाणारा सागवानी जिना. त्या जिन्याच्या कठड्याच्या प्रत्येक खांबुलीवर कमळाची कळी कोरलेली. भाचीचे बालपणीचे उन्हाळे त्या जिन्यावर गेले. बारा वर्षांपूर्वी भावांत वाटणी झाली. वडीलकीच्या नात्याने निर्णय आमचा होता. वाळवी, गळती, घरपट्टी अशी कारणे खरी होती. पण 'आता सगळे सिमेंटचेच बांधतात' हे कारण त्याहून मोठे होते. लाकूड एका वखारवाल्याने घनफुटांच्या हिशेबाने उचलले. तेव्हा लंडनहून भाचीने फोन केला होता, "मामा, निदान जिन्याचा कठडा ठेवा." आम्ही तिला व्यवहाराचे चार शब्द ऐकविले. पुढे दोन वर्षांनी शहराबाहेरच्या एका उपाहारगृहात गेलो असता दारातच आमचे दोन खांब रोगण लावून उभे दिसले. त्या दिवशी आम्ही काही न खाता परतलो.

ज्या गावात १९८४ साली राजवाड्याचे लाकडी मजले जळताना पाहून आमच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले, त्याच गावात आम्ही घरचे लाकूड आपल्या हाताने काढून दिले होते. असा माणूस दुसऱ्याच्या घराविषयी काय सांगणार? "उद्या पाहू," एवढेच बोलून आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जावयांनी आम्हांला स्ट्रॅटफर्डला नेले. मराठीचा अध्यापक तेथे शेक्सपिअरसाठी जातो. आम्ही मात्र त्याच्या जन्मघराच्या भिंती पाहत राहिलो. ओकची चौकट, खालच्या मजल्यावर दगडी फरशी, हातमोजे शिवणाऱ्या बापाची कामाची खोली. भिंतींवर चित्रे रंगविलेली कापडे टांगलेली. भरजरी पडदे परवडत नसत, ते लोक अशी रंगीत कापडे लावीत. आता तेथे आहेत ती जुन्या नमुन्यांवरून नव्याने केलेली. रंगही चांगले भडक, लाल आणि हिरवे. ट्यूडर म्हणजे काळे-पांढरे ही समजूत बरीचशी व्हिक्टोरियन काळाची देणगी आहे. मुळात पुष्कळ ठिकाणी ओकला काही न लावता करडे होऊ देत आणि चुन्यात पिवडीसारखा रंग मिसळून भिंतींना देत.

माडीवरच्या एका जुन्या खिडकीच्या काचेवर येऊन गेलेल्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्यांत वॉल्टर स्कॉट आहे, कार्लाइल आहे. या घराचीही एके काळी दशाच होती. त्याचे भाग पडले होते, एका भागात खाणावळ, दुसऱ्यात खाटकाचे दुकान. १८४७ मध्ये लिलाव झाला तेव्हा लोकवर्गणीतून ३,००० पौंडांना ते घेतले गेले आणि मग त्याची डागडुजी झाली. म्हणजे जगप्रसिद्ध घरातही पुष्कळसे मागाहून सावरलेले, पुन्हा केलेले. जुने ते सगळे अस्सल आणि अनुकरण ते सगळे टाकाऊ, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

परतीच्या वाटेवर मोटारीत आम्ही भाचीला म्हणालो, "तुझा तो फोन आम्ही ऐकायला हवा होता." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता काय मामा, जिना तर गेला." पुढे तिने काही म्हटले नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

सोमवारी मात्र आम्ही जावयांना एकच गोष्ट सुचविली: काढायचे ते काढा, पण आधी काय आहे ते पाहून घ्या. त्यांना हे पटले, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही त्या घराचे विद्यार्थी झालो.

गालिचे गुंडाळले तेव्हा खालच्या फळ्यांना फक्त कडेने हातभर गडद रंग दिलेला आढळला; मधला चौकोन कोराच. १९३०च्या गृहस्थाकडे भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा नसे, मध्ये एक चौकोनी गालिचा असे. दिसणारी कडच तेवढी त्याने रंगविली. काटकसरीची ती रेघ पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगदी आपल्यातलाच दिसतोय." दारांवर सपाट पुठ्ठाफळ्या ठोकलेल्या होत्या, त्या काढताच आतून मूळची खणांची दारे निघाली. १९६० नंतर नक्षी आणि खण झाकून सगळे सपाट करण्याची लाट आली होती. १९६२ मध्ये बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ बीबीसीच्या दूरदर्शनवर जुने घर आधुनिक कसे करावे, हे सप्रयोग दाखवीत आणि देशभर लोक हातोडी घेऊन बसत.

मग तक्तपोशीची पाळी आली. कोपऱ्यात थोडे रोगण काढले आणि सारेच थक्क झालो. ओक नव्हताच! साधे पाइनचे लाकूड, त्यावर रंगाचा हात देऊन, तो ओला असताना कंगव्यासारख्या हत्याराने ओकच्या रेषा ओढलेल्या. जेवणाच्या खोलीतल्या तुळयांपैकी एकीची फळी काढली तर आत पोकळी. जावई हसून म्हणाले, "मामा, सगळं नाटक आहे."

आम्ही म्हणालो, "नाटक खरं, पण रेघा ओढणाऱ्याचा हात पाहा." कोण्या अनाम रंगाऱ्याने प्रत्येक फळीवर निराळी रेघ, निराळी गाठ काढली होती. एका महायुद्धातून बाहेर पडलेल्या, कर्ज काढून पहिल्यांदाच स्वतःच्या घरात आलेल्या माणसाला आपले घर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे असे वाटावे, यासाठी ही सारी खटपट. परगावी स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना ती हौस परकी वाटू नये. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ची. ज्या वर्षांत ही घरे बांधली जात होती, त्याच वर्षांत आपली मंडळीही तेथे आपली मुळे रोवू पाहत होती.

अखेर निवाडा झाला तो असा. पोकळ तुळया काढल्या. त्यांनी छत ठेंगणे होत होते आणि त्यांत कारागिरीही नव्हती. जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडली, पण आधी अभियंत्याकडून हिशेब करवून, स्थानिक कौन्सिलची मंजुरी घेऊन, वर पोलादी तुळई टाकून. वरच्या खोलीच्या छताला खडबडीत गिलावा होता. त्या जुन्या गिलाव्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणेही वर्ज्य. ओल्यानेच काम केले. रंगीत काचांची खिडकी उतरवून शिशाच्या सैल पट्ट्या कारागिराकडून नीट करून घेतल्या आणि थंडीसाठी आतून दुसरी काच बसविली. प्लॅस्टिकची चौकट टळली. तक्तपोशी ठेवली. ती पुसून, मेण लावून, वरच्या भिंतीला सायीसारखा फिकट रंग दिला, आणि जो काळोख तक्तपोशीमुळे आहे असे वाटत होते तो निम्म्याहून अधिक वरच्या तपकिरी कागदामुळे होता असे दिसून आले! जावयांनी हे मोकळ्या मनाने कबूल केले.

राहिले देव. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खोलगट जागा होत्या, आपल्या कोनाड्यांच्या थोरल्या बहिणी. पूर्वेकडच्या जागेत भाचीने देव मांडले. समईसाठी काय ठेवावे हे ठरत नव्हते, तोच आमची परतण्याची तारीख आली.

इंदुरास आल्यावर आम्ही माळ्यावर चढलो. वखारवाल्याच्या हमालांकडून एक खांबुली खाली पडून तडकली होती आणि ती त्यांनी टाकून दिली होती. का कोण जाणे, आम्ही ती उचलून ठेवली होती. ओळखीच्या सुताराकडून तड भरून घेतली, वर लहानशी फळी बसविली, आणि लंडनला निघालेल्या एका परिचिताच्या सामानातून ती पाठविली.

आठ दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, पोचली. जमीन जरा उतरती आहे, सरळ उभी राहत नव्हती. खाली पाचर लावलीय."

"कशाची?" आम्ही विचारले.

"त्या पोकळ तुळईच्या फळीची," ती म्हणाली.