टकटक

आमच्या कपाटावर एक जुना संगणक आहे. चिरंजीव त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. परवा तो टकटकू लागला. पाल चुकचुकली असे समजून सौ. म्हणाली, “कृष्ण कृष्ण!”

हार्ड डिस्कच्या तपासणी-अहवालात वर ठळक ‘पास’ आणि खाली न वाचता येणारे सेक्टर ४८. आमच्या शाखेचे ऑडिटही असेच पास होते. केबल बदलली, टकटक तशीच. मग नव्या डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने नक्कल सुरू केली. तो हुशार कारकुनासारखा सोपी पाने आधी उतरवतो, फाटकी शेवटी.

जुन्या डिस्कवर आईचा आवाज होता. उकडीची कृती सांगणारा, चार मिनिटांचा. दुसरी प्रत? वीस वर्षे दुसऱ्यांच्या बेरजा दोनदा तपासणाऱ्या या माणसाने काढलीच नव्हती. रात्रभर स्टुलावर बसून होतो.

पहाटे सहाला आई म्हणाली, “आधी पाणी उकळू दे रे!”