टेकडीवरून मुकुंदवाडी

सबमिशन संपल्यावर हॉस्टेलच्या पोरांना गोगाबाबाच्या टेकडीवर नेलं. शहरात दिवे लागेपर्यंत थांबलो. बीबी का मकबरा सगळ्यांना लगेच सापडला. साडेतीनशे वर्षांहून जुना, त्याचा मान पहिला! मग पोरं म्हणाली, "आता तुझी मुकुंदवाडी दाखव."

आली का पंचाईत! जालना रोडच्या दिव्यांची रांग धरून पार आग्नेयेला, विमानतळाच्या अलीकडे, उजेडाचा नुसता चुरा. त्यात आमची गल्ली कुठली, देव जाणे. शेजारीच चिकलठाणा एमआयडीसी. तिथल्या कुठल्यातरी दिव्याखाली बाबांची नाइट शिफ्ट चालू होती. मी बोट दाखवतच राहिलो.

बीडचा मित्र मघापासून गप्प. जरा वेळानं म्हणाला, "आणि बीड?"

मी दक्षिणेकडच्या अंधाराकडे हात केला. मेसची वेळ झाली तरी गडी तिकडंच बघत बसलेला.