वेरूळची संध्याकाळ आणि ‘जैन थाळी’

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद मागे टाकून घाट उतरला की सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ येते. येथील ३४ प्रमुख लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. १९८३ पासून हे स्थान जागतिक वारशात गणले जाते. बहुतेक प्रवासी सोळाव्या क्रमांकाचे कैलास पाहून परततात. जैन लेणी तेथून दूर, डोंगराच्या उत्तर टोकाला आहेत. त्यामुळे तेथे पोहोचेपर्यंत दुपार कलू लागते.

एका अर्थी हे बरेच आहे. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्याने दिवसभर अंधारात असलेले खांब उतरत्या उन्हात उजळतात. बत्तिसाव्या लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वी कोणी इंद्र समजले आणि ते नाव रूढ झाले. समोरच आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. अंगावर वेली चढल्या तरी अविचल उभे असलेले बाहुबली पाहताना माझी पत्नी कितीतरी वेळ बोलली नाही. विवाहाच्या पंचविसाव्या वर्षी आम्ही उभयता मुद्दाम येथे आलो होतो.

मार्गशीर्षाचे दिवस, सूर्यास्त सहाच्या आतच. सौ.चा रात्रिभोजनत्यागाचा नियम असल्याने पाच वाजताच आम्ही दर्शन आटोपते घेतले. रस्त्यावरील एका भोजनालयाच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘जैन थाळी’ लिहिले होते. कांदा, लसूण, बटाटा नको आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, असे स्पष्ट सांगितले. गल्ल्यावरील गृहस्थ म्हणाले, “बसा शेठ, दहा मिनिटांत देतो.”

दहाची तीस मिनिटे झाली. ताट आले तेव्हा उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर चढला होता. पनीरच्या भाजीला लसणाचा वास स्पष्ट येत होता. विचारल्यावर वाढणारा मुलगा क्षणभर घुटमळला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “काकू, वरून कांदा घातला नाही, पण ग्रेव्ही सगळ्यांना एकच असते.” आमटीलाही तीच फोडणी. सौ.ने ताट हलकेच बाजूला सारले. कोरडी पोळी आणि दही एवढ्यावर तिचे जेवण झाले. मीही तेच घेतले. शेवटचा घास आणि घोटभर पाणी होते न होते तोच दिवस मावळला. बिल मात्र दोन पूर्ण थाळ्यांचे आले. ते देताना मी गृहस्थांना एवढेच म्हणालो, “पाटी बदला, किंवा पातेले बदला.”

यात दुष्टपणा नव्हता, हे व्यापारी माणसाला सहज उमगते. कांदा-टोमॅटो-लसणाचे वाटण सकाळीच मोठ्या प्रमाणावर शिजवून ठेवायचे आणि मागणीप्रमाणे त्यात पनीर, मटार किंवा काजू घालायचे, ही अशा अनेक स्वयंपाकघरांची रीत असते. त्यांच्या लेखी ‘जैन’ म्हणजे वरचा कांदा वगळणे. वेगळे पातेले, वेगळा झारा आणि वेळेचे बंधन हे त्या हिशेबात बसत नाही. तरीही दुकानाची पाटी हा ग्राहकाला दिलेला शब्द असतो. आपल्या पेढीवर मापात तोळाभर फरक पडला तर आपण मान खाली घालतो. मग येथेही तीच कसोटी का नसावी? कोणाचा नियम चुकून मोडला तर तो पैसे परत देऊन भरून निघत नाही.

वेरूळला निघणाऱ्या वाचकांनी म्हणूनच क्रम उलटा ठेवावा. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. सकाळी कैलास पाहावे, दुपारी डबा उघडावा आणि संध्याकाळचे ऊन इंद्रसभेसाठी राखावे. भोजनालयात ‘जैन आहे का?’ असे विचारू नये. उत्तर ‘हो’च येते. ‘वाटण वेगळे करता का? पातेले वेगळे आहे का? किती वाजेपर्यंत वाढाल?’ असे विचारावे. येथील जैन गुरुकुलात भोजनाची सोय होईल का, याचीही निघण्यापूर्वीच चौकशी करावी. सोबत दशम्या, खाखरे आणि चटणीची पुडी असली की सूर्य कलू लागला तरी मन अस्वस्थ होत नाही आणि अंबिकेच्या आम्रवृक्षाचे प्रत्येक पान निवांत पाहता येते.